बातम्या देता येत नाहीत

गंगाखेडच्या अलीकडं, शाळेच्या जुन्या कोठीत
आमचं रेडिओ स्टेशन.
भिंतींना अंड्यांचे ट्रे,
जब्बार अंडेवाल्यानं फुकट दिलेले,
आणि ट्रे संपले तिथं धुरपताबाईची वाकळ.
आवाज घुमू नये म्हणून.
वाकळीत तिच्या तिन्ही पोरींचे परकर आहेत.
ती म्हणते, त्या बोलल्या असत्या त्यातलं निम्मं
या चिंध्यांनीच पिऊन टाकलं.

मी आधी मांडववाला. भोंगे लावायचो,
लग्नात, उरुसात, प्रचारात.
भोंगा ऐकणाऱ्याला विचारत नाही.
इथं मात्र कुणीही नुसतं बटन पिळून
मला गप्प करू शकतं,
पंधरा किलोमीटरच्या आत कुठंही.
तेवढीच आमची हद्द.
मसोबाच्या चढावर मी खरखरतो,
पलीकडं उतरलात की नसतो.

सोमवारी धुरपताबाई ग्रामसभेचं प्रोसिडिंग वाचते.
पदरचं काही घालत नाही.
विषय क्रमांक चार, नळयोजना,
चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.
मग हजर सभासदांची नावं, सावकाश,
तांदूळ निवडावेत तशी.
सातवं नाव पोचीराम लक्ष्मण घुले.
पोचीराम दिवाळीच्या आधीच गेला.
त्याच्या तेराव्याचा मांडव मीच घातला होता.
ती त्यावर काही बोलत नाही.
"आता हलगी ऐका," म्हणते,
आणि मी हलगी सोडतो.

मग पत्र आलं.
परवान्यातील अटींनुसार
बातम्या व राजकीय मजकूर प्रसारित करता येणार नाही.
तिनं ते दोनदा वाचलं. मला विचारलं,
"राजकीय कुठून कुठपर्यंत असतंय रे?
नळाची तोटी राजकीय हाय का?
आन् तोटीतून न आलेलं पाणी?"
मला काय माहीत. मी वायरवाला.

रविवारी नदीचा कार्यक्रम असतो.
आसाराम भोई पाखरांची नावं सांगतो,
कुठला मासा आता जाळ्यात येत नाही ते सांगतो.
शनिवारी रात्री मी त्याच्यासंगं वाळवंटात उतरलो.
माईक तुराटीला बांधलेला,
वर पोराचा लोकरीचा मोजा, वाऱ्यानं फडफडू नये म्हणून.
टिटवी ओरडत होती.
उघड्यावर अंडी घालते आणि मग रात्रभर बोंबलते.
मग एक हायवा आला.
मग दुसरा.
पोकलेनचा दात खाली खडकाला लागला
तो आवाज माझ्या दाढेत शिरला.
कुणीतरी म्हणालं, लाईट बंद कर.
कुणीतरी हसून एका साहेबाचं नाव घेतलं.
तेवढं मी सकाळी कापलं.
नाव म्हणजे बातमी.

"ऐकू या आपली गंगा,"
धुरपताबाई म्हणाली, "काल रात्री, एकच्या पुढं."
आणि बारा मिनिटं माईकसमोर
हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

भोंगा असता तर कळलं असतं, माणसं वर बघतात.
रेडिओचं काहीच कळत नाही.
एक फोन आला नाही.
महेबूबच्या हॉटेलात म्हणे
बशीतला चहा बशीतच राहिला,
पण असं महेबूब कशाबद्दलही सांगतो.

मंगळवारी कचेरीतला माणूस आला.
काय लावलं होतं?
नदी, साहेब.
तिच्यात गाड्या होत्या.
होत्या, साहेब.
कुणाच्या?
धुरपताबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला.
"ते कसं सांगावं? बातम्या देता येत नाहीत आम्हाला."
त्यानं अंड्यांचे ट्रे मोजल्यासारखं केलं
आणि पाणी न पिताच गेला.

गाड्या थांबल्या, असं नाही.
अजून जातात, दिवे मालवून,
गिअर न बदलता, शाळेजवळून तर
चोराच्या पावलांनी.
एवढी अवजड वाळू
इतक्या हळू जाताना मी पहिल्यांदाच ऐकतो.
मसोबाचा चढ ओलांडला
की मात्र रेस वाढवतात, लांब हॉर्न देतात,
तिथं आम्ही नसतो.