पडदा नाव सांगत नाही

हेल्तेर्माच्या धक्क्यावर, पहिल्या बोटीआधी,
वेळापत्रकाचा पडदा आडवा झोपला होता.
पाच-सात माणसं माना वाकड्या करून वाचत होती:
रोहुक्युला, सहा वाजता.
कुणी तक्रार केली नाही. या बेटावरचे लोक
बर्फाचीही करत नाहीत.

लेलो तिकीटखिडकीतून म्हणाली,
"रात्री त्याने आपणहून काहीतरी नवं घालून घेतलं
आणि सकाळी उठला तो असा."

कीबोर्ड मांडीवर घेतला, हातमोजे दातांनी ओढून काढले,
काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली.
पडदा उभा राहिला खरा,
पण सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशीत.
अक्षरं बैलाएवढी.
"रोहु" तेवढं मावलं,
उरलेलं गाव पाण्यात.

विचारलं त्याला, कोण तू?
किती रुंद, किती उंच,
सेकंदाला किती वेळा पापणी लवते तुझी?
दारात आल्या आल्या पाहुण्याने सांगावं
तसं पडद्याने हे केबलमधून सांगायचं असतं.
हा ताकाला तूर लागू देईना.
केबल बदलली. टोकावर फुंकर मारली
(सगळेच मारतात, कुणी कबूल करत नाही).
शून्य, शून्य, शून्य, शून्य.

मग एका जुन्या फायलीत एन्देल भेटला.
नऊ वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली:
"हा मॉनिटर बोलत नाही. त्याच्या वतीने मी लिहितोय."
पुढे आकड्यांची लांबच लांब ओळ.
रुंदी, उंची, कडेला सोडायची मोकळी जागा,
आणि किरणाला मागे वळायला लागणारा वेळ,
जो किरण आता कुठल्याच पडद्यात नसतो.
सगळ्यात शेवटी:
"हिला हात लावू नका. का ते मलाही माहीत नाही."

एन्देल हल्ली केर्दलाला असतो.
झटका येऊन गेल्यापासून शब्द त्याच्या हाती लागत नाहीत.
दुकानात उर्वेच सांगते,
"त्याला काळी कॉफी, साखर दोन."
तो मान हलवतो. कधी हलवत नाही,
तेव्हा ती एक साखर परत ठेवते.

नवी सिस्टीम जुनी फाइल उघडतच नाही,
उंबऱ्यातली चप्पल ओलांडावी तशी पुढे जाते.
म्हणून ती ओळ मी नव्या जागी उतरवली,
एकेक आकडा, ओठ हलवत.
एक चुकला. सगळं काळं.
त्या काळ्याच्या आत कुठेतरी प्रश्न होता:
हे नीट दिसतंय का? पंधरा सेकंदांत सांगा.
दिसतच नव्हतं, तर सांगणार काय?
थांबलो. लेलो थांबली. रांग थांबली.
बाहेर बोटीने एक भोंगा दिला.

दुसऱ्या खेपेला लागलं.
सहाची बोट तोवर निघून गेली होती, पडद्यावर आलं
साडेसात, वारा वायव्येचा, गाड्यांना जागा आहे.

एन्देलच्या ओळीखाली मी लिहिलं,
"लावला हात. माफ कर."
लेलोने काळ्या पावाचा तुकडा पुढे केला, वर एक मासा.
रांगेतला एक म्हातारा
अजून मान वाकडी करूनच वाचत होता.