वजा बावीस फूट

तात्यांच्या कॅमेऱ्यातलं कार्ड उघडलं
तर दोनशे बारा फोटो, आणि प्रत्येकाला
एकच तारीख, एक जानेवारी दोन हजार.
घड्याळ कधी लावलंच नव्हतं त्यांनी.
ठिकाणाचा रकाना तर कोराच.

वर्धमान पुण्याहून फोनवर म्हणाला,
सगळे सिलेक्ट कर, सांगली टाक, सेव्ह कर, विषय संपला.
टाकून बघितलं.
सॉफ्टवेअरची सांगली एसटी स्टँडापाशी निघाली.
दोनशे बारा फोटो एका टाचणीवर
एकमेकांच्या डोक्यावर उभे,
मिरजेची शेवटची गाडी चुकल्यासारखे.
अनडू केलं.

मग एकेक.
आयर्विन पूल सोपा, नकाशानं ओढूनच घेतला.
मार्केट यार्डात हळदीच्या ढिगात
कोपरापर्यंत रुतलेला खरेदीदाराचा हात,
तिथे गाळ्याच्या नंबरावर बोट ठेवता आलं.
आईचा एक, हसता हसता तोंड फिरवलेला,
मागे नुसती पांढरी भिंत.
तो बाजूला ठेवला.

एकशे सदतिसावा काळा.
सगळा काळा, आणि वरच्या कोपऱ्यात
वाटीएवढा उजेड, त्या उजेडात
वाकलेली दोन डोकी.
उलटा करून पाहिला. उजळ करून पाहिला,
तेव्हा भिंतीवर शेणानं लिंपल्याचे
बोटांचे वळ दिसले.
हरिपूरचं पेव.
तात्या आत उतरले होते आणि
घरात कुणाला बोलले नव्हते.

आदगोंडा काकांकडे गेले. ब्याऐंशी वय,
जन्मभर पेवातनं पोती काढलेली;
त्या दोन डोक्यांतलं डावं त्यांचं.
म्हणाले, आदी कंदील सोडलाता दोरानं.
कंदील जळत ऱ्हायला तर माणूस सोडायचा.
तुझा बा कंदिलाच्या मागनंच.
आणि जागा?
म्हसोबाच्या बाभळीपासनं नदीकडं तोंड करून
चाळीस पावलं. त्यात काय इचारायचं.

बाभूळ नव्हती. म्हसोबा होता, फरशी बसवलेला.
काका मोजत निघाले, मी मोबाईल धरून मागे.
चाळीस म्हणाले आणि थांबले
एका बंगल्याच्या गेटाशी.
नदीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे.
"तवाचं पाऊल लांब हुतं गं,"
आणि पुन्हा चालू लागले,
या खेपेला तोंडानं न मोजता.
मी मोजली. छप्पन्न.

तिथे नुसती जमीन. जरा खचलेली.
पाच सालच्या पुरात पेवांत पाणी शिरलं,
मग कुणीतरी मुरूम ओतला,
आता त्यावर उसाची ट्रॉली उभी, एक चाक पंक्चर.
मोबाईल म्हणाला
सोळा पूर्णांक चौऱ्याऐंशी, चौऱ्याहत्तर पूर्णांक चोपन्न,
पुढे दोन्हीकडे आणखी चार-चार आकडे,
अचूकता आठ मीटर.
आठ मीटर म्हंजे? काकांनी विचारलं.
म्हटलं, सव्वीस फूट, इकडं नाहीतर तिकडं.
"मग पेवात पडशील की!"
आणि खोकला येईपर्यंत हसले.

घरी आकडे भरले.
खाली आणखी एक रकाना होता, उंची.
मोबाईलनं दिलेली पाचशे सत्तेचाळीस मीटर,
पण ती ट्रॉलीची. तात्या तिथे नव्हते.
पेव किती खोल ते काकांना विचारून घेतलं होतं,
बावीस फूट, म्हणजे सहा पूर्णांक सात.
कॅल्क्युलेटर न घेता वजा केले
आणि लिहिलं ५४०.३.
टाचणी जागची हलली नाही.
वरून बघणाऱ्या नकाशाला
ती तशीच दिसणार, उसाच्या ट्रॉलीवर टेकलेली.

तारखेचं मात्र जमलं नाही.
काका म्हणाले, उन्हाळा हुता, बास.
उन्हाळा भरायला रकाना नाही.

रात्री उशिरा आईचा तो पुन्हा उघडला.
नकाशा अजून हरिपुरातच होता, नदीच्या वळणाशी,
आणि सॉफ्टवेअरनं आपणहून विचारलं,
मागचंच ठिकाण वापरू का?
आई पेवाच्या तोंडाशीसुद्धा कधी गेली नव्हती.
नको म्हटलं.
भिंत मोठी करून बघत बसले,
कुठे एखादा खिळा, ओल, स्विचचा कडा.