प्रतवारी

वसमतच्या मोंढ्यात मैनोद्दीनचाचा
पोत्यात परखी खुपसतात.
तोंडाशी नाही, बुडाशी.
"वरची हळद सगळ्याचीच चांगली असती, बाई."
कांडी कानाशी नेऊन मोडतात,
आवाजावरून ओल सांगतात,
मग भाव.

आज ते माझ्या टेबलासमोर.
उजव्या पायाचं दुसरं बोट काळपट, कडेनं पिवळं:
जखमेवर हळद दाबून आलेत.
साखर तीनशे दहा.
"काढायचं का ठिवायचं?"

मार्गदर्शिका उघडी आहे.
थांबावं, ड्रेसिंग करावं, पुन्हा तपासावं.
शिफारस: सशर्त.
पुराव्याचा दर्जा: कमी.
हे समोरच्या माणसाला कसं वाचून दाखवायचं
ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

"म्हंजे दोन नंबरचा माल."
माल कसा आहे तेच नीट ठाऊक नाही, चाचा.
चार अभ्यास. माणसं थोडी.
एकाचे आकडे दुसऱ्याशी बोलत नाहीत.

"आन् परखी कुठं खुपसली व्हती?
त्यात मपल्यासारखं कोणी व्हतं का,
दिवसभर अनवाणी ढिगावर उभं ऱ्हाणारं?"

मी पानाच्या तळाशी बारीक टाइपात शोधते.
नव्हतं.

तंबाखू सोडा, हे मी ठणकावते.
तिथं माझा आवाज सुकल्या कांडीसारखा
कटकन मोडतो.
हळद लावू नका, हेही सांगते,
पण त्यात जराशी ओल राहते,
आणि ती त्यांना ऐकू येते.

"सशर्त, तर मंग शर्त कोणाची?"
तुमची.
ते बराच वेळ बोटाकडे बघतात,
जसं काही ते दुसऱ्याच गावचं आहे.
बाहेर शेवंता सिस्टर केसपेपरचा गठ्ठा आपटतात.
"आठ दिस ठिवा."

बोट राहिलं.
याला पुरावा म्हणत नाहीत.
त्याच महिन्यात कुरुंद्याच्या सटवाजी भोकरेंना
मी हेच शब्द, याच क्रमानं सांगितले होते.
त्यांचं आधी बोट गेलं, नंतर पाऊल.
दोन्ही केसपेपरवर माझी सही सारखीच,
शेवटचं अक्षर जरा घाईत.

परवा मोंढ्यावरून जाताना चाचांनी हाक मारली.
पायात नव्या चपला. तळहातावर एक कांडी.
"सांगा, किती नंबर?"
मी कानाशी नेली, मोडली.
नेमका तेव्हाच टेम्पोचा हॉर्न.

"दुसरी घ्या," चाचा म्हणाले.
"बुडातून."