दुसरी किल्ली

तीन खोल्या. ओळीनं. पुढं एकच सपरी,
पांढरकवड्याच्या रस्त्याला पाठ करून.
शिलाईच्या पैशातून उभ्या केल्या:
आश्रमशाळेचे चौदाशे शर्ट, तितक्याच चड्ड्या,
काजांचा हिशेब ठेवलाच नाही.
बाया म्हणतात, वच्छलाबाई, तुमचं बरं हाय बाप्पा,
बसल्या जागी पैसा.

बसल्या जागी!
मे महिन्यात येऊन बसा म्हणावं एकदा.
तीन कूलर, एक बोअर,
अन् मोटर जळली की पहिली हाक माझ्याच दारात.
उधई चौकटीत शिरताना
भाडेकरूला विचारत नाही,
मालकिणीलाही नाही.

पहिल्या खोलीत नर्सबाई, प्रणिता मडावी.
मधल्या खोलीत लाइनमन ठमके,
अर्ध्या तालुक्याला उजेड देतो
अन् स्वतःच्या सबमीटरचं बिल
दोन-दोन महिने अंधारात ठेवतो.
तिसरी खोली होळीपासून रिकामी.

रिकाम्या खोलीनंच शिकवलं मला.
तिथं ग्रामसेवक होते, बोरकुटे, साडेतीन वर्षं.
पाच तारखेला पैसे खिडकीत,
वहीच्या कागदात गुंडाळून; कधी मागावे लागले नाहीत.
त्यांनी मागितलं एकच: न्हाणीचं दार.
खालून सडलं होतं.
मी म्हटलं, दिवाळी होऊ द्या.
मग म्हटलं, संक्रांत होऊ द्या.
दाराला लागत होते अठराशे,
अन् ते अठराशे मी
चौथ्या खोलीच्या विटांसाठी डब्यात घातले होते.
बोरकुटे काही बोलले नाहीत.
धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो आला.

दोन महिन्यांचं भाडं चव्वेचाळीसशे.
त्यातून अठराशे काढा.
सातवीच शिकले मी,
पण वजाबाकी येते.

अन् परवा दुपारी अचानक नळ आला.
प्रणिता कॅम्पला गेलेली, कुठल्याशा तांड्यावर, फोन लागेना.
तोटी उघडी राहिली असावी,
पाणी दाराखालून सपरीत, सपरीतून रस्त्यावर.
प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली माझ्या खिळ्याला असते.
घर माझं, भिंत माझी, पाणीही माझंच चाललं होतं,
तरी कुलूप उघडताना हात चोरासारखा.

तोटी बंद केली. पोतं टाकून पाणी ओढलं.
निघताना नजर गेली कॅलेंडरवर.
पाच तारखेला लाल पेनानं: भाडं.
सात तारखेला: आईच्या गोळ्या.
सात खोडून दहा.
दहा खोडून बारा.
पाच मात्र जशीच्या तशी.

मी पोतं पिळत उभी राहिले.
माझ्या वहीत तिचं नाव आहे, समोर आकडा आहे.
तिच्या भिंतीवर माझं नावही नाही,
तरी सगळ्यात वर मीच.

संध्याकाळी सांगितलं तिला,
"तुह्या खोलीत गेली होती मी आज."
ती म्हणाली, "बरं केलं काकू, नाहीतर गादी भिजली असती."
कॅलेंडरचं मी बोलले नाही.
एवढंच म्हटलं,
"पुढच्या महिन्यापासून बाराला देत जाय भाडं. मले चालते."
ती जरा बघत राहिली.
"काहून, काकू?"
"माह्या हिशेबाले सोपं पडते."

भाडं सोडलं नाही मी.
सोडणारही नाही; पत्र्याला पैसा लागतो,
मोटरला लागतो, म्हातारपणाला लागतो.
ठमक्याला तर उद्याच धरणार आहे.

आज सकाळी सुतार आला, टेप घेऊन.
दार आता एकवीसशेला पडतं.
"अन् चौथी खोली कधी काढता?"
म्हटलं, आधी हे माप घे.

दुसरी किल्ली खिळ्यालाच आहे.
फक्त शर्टाच्या उरलेल्या कापडाची चिंधी
तिच्याभोवती बांधली, तीन गाठी मारून.
सोडायला वेळ लागतो.
तेवढ्या वेळात
दार वाजवून होतं.