मोज, वाचू नको

पहाटे सव्वाचारला पणजीची गाडी येते,
डिचोलीच्या बसस्टँडवर गठ्ठे टाकते
आणि इंजिन बंद न करताच साखळीकडे निघते.
मी सुतळी कापतो.
दीक्षिता पोत्यावर मांडी घालून
पुरवण्या आत सारते.
तिसरीत आहे.
तिची आई औषधांच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
पोरीला घरी एकटी ठेवू कुणाच्या भरवशावर?
म्हणून आणतो. कामाला नव्हे,
पण हात रिकामे कसे बसतील तिचे.

पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
मोज गो बाय, वाचू नको.

पण नुकती वाचायला लागलेली पोर ती,
साबणाच्या वेष्टनालाही सोडत नाही.
पप्पा, संशयित म्हणजे?
पप्पा, खाणपट्टा कमरेला बांधतात?
पप्पा, हे आजोबा वारले, मग हसतात कशाला?
मी विचारतो, चाळीस झाले?
ती म्हणते, अडतीस. आणि हसणारे आजोबा
अलगद घडीत मिटून ठेवते.

बोर्ड्याचे शेणवी मास्तर म्हणतात, वाचू दे तिला,
जग कळायला नको?
त्यांची सून म्हणते, आमच्या मुलाला आम्ही
फक्त शेवटचं पान देतो, खेळाचं.
एकाच घरात एकच अंक जातो.
मला कुणी विचारत नाही, ते बरंच आहे.
वीस वर्षं पेपर टाकतोय मी,
आणि वाचतो तो दुपारी, जेवताना,
ताटाखाली अंथरलेला, परवाचा.

त्या दिवशी चौथं पान तिच्या हातात अडकलं.
'लाच घेताना तलाठी रंगेहाथ'
पप्पा, रंगेहाथ म्हणजे?
मी घाईत होतो. म्हटलं,
नोटांना पावडर लावून ठेवतात,
मग हात पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं.
शिगम्यासारखं?
हो, शिगम्यासारखं. मोज तू.

ती मोजत राहिली. पुढे एक शब्द नाही.
मला वाटलं, सुटलो.

सोनारपेठ, बोर्डे, वाठादेव.
स्कूटरवर पुढे ती उभी, फाटक आलं की उतरायची,
अंक सरकवायची, कुत्र्याला नावाने हाक मारायची.
मागून पोदेराचा भोंपू.
परत आलो तर पिशवीत दोन अंक.
शाळेचा एक, तो मी सातला देतो.
आणि दुसरा?

मोजलेस ना?
मोजले. बरोबर होते.
मग हा कुणाचा?

तिने हात पाठीमागे नेले.
पुढे कर. केले तिने.
दहाही बोटं शाईने काळी.
सलोनीच्या घरी नाही टाकला, म्हणाली.
आज प्रार्थनेनंतर तिची पाळी आहे,
बातम्या वाचायची.
तिला सांगितलंय पप्पा मडगावला गेलेत, ड्युटीवर.

मी तिथेच, स्टँडवरच्या बल्बखाली,
चौथं पान उघडलं.
चौथ्या ओळीत नाव, वडिलांच्या नावासकट,
वय, राहणार कुठे, सगळं.
हा माणूस दर महिन्याला
सुटे पैसे मोजून द्यायचा.

दुपारपर्यंत गाव बोलेलच.
मोबाइलवर तर रात्रीच फिरलं असेल.
आणि एका अंकाने काय अडतं,
असं मी तिला म्हणणार होतो.
म्हटलं नाही.
शाळेचा अंकही डिकीत ठेवला, खाली,
पान्याच्या पिशवीखाली.
हेडमास्तरांनी विचारलं तर सांगेन,
गाडीतूनच कमी आला.
दोन अंकांचे पैसे माझ्या खिशातून.

स्टँडच्या नळावर दोघांनी हात धुतले.
साबण नव्हता. ती वाकून बघत होती,
काळं पाणी गटाराकडे जाईपर्यंत,
अगदी शेवटपर्यंत.
मग म्हणाली,
गुलाबी नाही झालं, पप्पा.