समासातली पेन्सिल

ओदिला कार्कामो आमच्या खोऱ्याची निबंधक.
जन्म, लग्न, मृत्यू. तिन्हींची रजिस्टरं वेगळी,
तिन्ही एकाच मेणकापडात, घोड्याच्या डाव्या अंगाला.
उजव्या अंगाला दोर, बर्फाची कुऱ्हाड, पीठ, मातेची पत्ती.
वजन सारखं हवं, म्हणायची,
नाहीतर चढावर खोगीर फिरतं
आणि एखाद्याचं लग्न दरीत लागतं.

मी कचेरीत. टेबल, शेगडी, एक खिडकी.
पातागोनियात वाऱ्याला रजा नसते,
तिला वर्षाला पंधरा दिवस असायची.
रजेच्या अर्जात कारण : वैयक्तिक.
म्हणजे ती हिमपठारावर,
मान्कियाच्या दोघा भावांबरोबर, स्लेज ओढत.
"तिथे कुणी जन्मत नाही," म्हणाली एकदा,
"खात्याचं काही काम नाही. म्हणून जाते."
एका वर्षी पायाची दोन बोटं कमी घेऊन आली.
डॉक्टरच्या फॉर्मवर, 'कुठे गमावली?' पुढे
तिने लिहिलं : हद्दीबाहेर.

बाकीचे साडेअकरा महिने हद्दीत.
शाईची बाटली काखेत, गोठू नये म्हणून.
मूल सहा महिन्यांचं, तारीख कुणालाच आठवेना.
कालाफातेची बोरं पिकली होती, बाप म्हणाला.
मार्च, ती म्हणाली. आणि दिवस?
त्या रात्री पुमाने मेंढी नेली.
मग दोन ओढे ओलांडून शेजाऱ्याकडे,
त्याच्या पंचांगात पुमाच्या नावे फुली : नऊ.
रजिस्टरात नऊ मार्च आहे.
साक्षीदार म्हणून पुमाची सही नाही,
एवढीच काय ती उणीव.

रोसेंदो आणि एलविरा नदीपलीकडे,
ही अलीकडे, मध्ये फुगलेलं राखाडी पाणी.
दोन्ही हात तोंडाशी धरून तिने कलमं ओरडून वाचली.
पलीकडून काहीतरी आलं.
हो असावं. वाराही असू शकतो.
वाऱ्याच्या भरवशावर लग्न लावत नाही मी, म्हणाली
आणि खोगिराला टेकून चार दिवस बसली.
पाचव्या दिवशी पाणी पोटापर्यंत उतरलं.
एलविराने ओल्या हाताने सही केली,
आडनावाचा शेवट पसरलेला, अजून तसाच आहे.

तपासनीस आला तो राजधानीचे बूट घालून.
पानं उलटत गेला आणि थांबला.
समासात पेन्सिलीने बारीक काहीबाही :
'करड्या दगडाच्या वर ओलांडा, खाली नको.'
'कुत्रा चावतो. म्हातारी नाही.'
'लेंगाचं जळकं झाड, तिथून उजवीकडे.
डावीकडची वाट सोपी दिसते.'
ही सरकारी नोंदवही आहे, तो म्हणाला.
मी खोडरबर आणला. त्याच्यासमोर पुसलं,
सगळं, तीन वर्षांचं, दुपार गेली.
ओदिला बाहेर नाल ठोकत होती.
आवाज एकदाही चुकला नाही.

गुडघा गेला तेव्हा तिने शिक्का दिला मला,
शिक्क्याची डबी, घोडा.
सल्ला एकही नाही. मी वाट बघितली थोडी.
"त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं,"
एवढंच, आणि तेही घोड्याबद्दल.

आता एप्रिल. पहिली हिमपावडर पडून गेली.
वरच्या खोऱ्यात एक मुलगी आहे, पाच आठवड्यांची,
कागदावर अजून नाही.
दोन वाटांपाशी अंधार झाला, मी जाळ केला,
मेणकापड सोडलं. का, मलाही नीट ठाऊक नाही.
पान जाळाकडे तिरकं धरलं
तर समासात
खोडरबराला न गेलेल्या खाचा.
ती पेन्सिल दाबून लिहायची.
जळकं झाड. उजवीकडे.
डावीकडची वाट

खरंच सोपी दिसते.
घोडा केव्हाचा उजवीकडे तोंड करून उभा आहे.
मी शाईची बाटली काखेत घालतो.
गार. मग हळूहळू कमी गार.