सतरा

डिचोलीच्या बाजारात, न्हाव्याच्या दुकानावरच्या माडीत
मास्तर फोटो काढायचे,
मी माणसं नीट करायचो.
उत्तरेची खिडकी, तिरकी काच, काचेखाली आरसा,
आणि शिसपेन्सिल, जिचं टोक
सँडपेपरवर घासून सुईसारखं करायला अर्धा तास.
निगेटिव्हवर सगळं उलटं : केस पांढरे, दात काळे,
बोटीवर निघालेला तारवटी भुतासारखा उभा,
नवरी कोळशाची.
त्या कोळशात मी पेन्सिल टेकवायचो
इतकी हलकी की बोटालाही कळू नये,
आणि कागदावर मुरूम जायचा,
रात्रभर जागलेला डोळा झोपून उठायचा.

खाणीचे ट्रक सुरू झाले की मास्तर ओरडायचे,
"खिडकी लाव रे!"
वाळत घातलेल्या फिल्मवर तांबडी धूळ बसली
तर न झालेलं कोड उठायचं गालांवर.
ते ब्रशने भरायचे पैसे मिळत नसत.

आता मास्तरांचा नातू सर्वेश बसतो तिथे.
एका माणसाचे चाळीस काढतो,
एकोणचाळीस तिथल्या तिथे मारतो.
आमच्याकडे माणशी दोन. "हलू नको" म्हटलं
की माणूस श्वास धरायचा
आणि घरचं सगळं तोंडावर यायचं.
हल्ली कोणी श्वास धरत नाही,
आवडेपर्यंत काढतात. माझी तक्रार नाही.
माझे डोळे त्या काचेतच गेले,
सर्वेशला निदान चष्मा तरी नाही.

मंगळवारी मुळगावची कुंदा आली.
आई जाऊन नऊ दिवस. बाराव्याला मोठा फोटो हवा.
पिशवीतून एक निघाला, एकाहत्तर सालचा,
स्थळांना दाखवायला काढलेला.
सर्वेशने स्कॅन केला, उजळला, पडदा तिच्याकडे वळवला.

"ही आई नव्हे," कुंदा म्हणाली.
"आईला देवी आल्या होत्या.
अंतरपाट खाली आला तेव्हा बाबा
म्हणे क्षणभर थांबले, मग माळ घातली.
मी तिच्या गालावर बोट फिरवत झोपायचे,
या खड्ड्यातून त्या खड्ड्यात.
ही बाई कोण?"

ही बाई मी केली होती.

माळ्यावर बिस्किटांचे पत्र्याचे डबे, सालवार.
दोन सालं वाळवीने नेली, एकाहत्तर उरलं होतं.
आणि वही, माझंच अक्षर :
सत्यवती, मुळगाव. खुणा सतरा,
दर पाच पैसे, एकूण पंच्याऐंशी.

कापसाला टर्पेंटाइन लावलं.
"काका, जाईल ती," सर्वेश म्हणाला.
"कुठे जाते? पेन्सिल वर बसते रे,
माणूस खाली तसंच असतं."
कापूस राखाडी झाला. बोटंही.

स्कॅनर घरघरला. पडद्यावर पुन्हा गुळगुळीत गाल.
"हे काय?"
"आपोआप होतं ते. डाग दिसला की भरतं."
"किती घेतं?"
"काही नाही."
त्याने कुठलीशी खूण काढली, पुन्हा चालवलं,
आणि वरून खाली, सावकाश,
भांग, कपाळ, भुवया,
मग त्या.

कुंदाने पडद्याला बोट लावलं. सर्वेश ओरडला नाही,
एरवी ओरडतो.
तिघांनी मोजल्या. सोळा.
हनुवटीपासून पुन्हा मोजल्या. सोळाच.
वही टेबलावर उघडी पडली होती.
कुंदाने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि तोंडाला पदर लावून हसली,
डोळे पुसत हसली,
"आईला कळलं असतं तर सोडलं नसतं तुम्हांला!"

पाच पैसे आता चालत नाहीत.
मी जिन्यातून खाली हाक मारली,
तीन चहा सांग रे,
आणि बन्स गरम असतील तर.